रतनपूर : जिथे राजा राहत होता

भिलाईला पोस्टिंग आली की पहिल्याच महिन्यात गावाकडून फोन सुरू होतात. "तिकडे बघण्यासारखं काय आहे? आम्ही मे महिन्यात यावं म्हणतोय." आमच्या नेहरू नगरमध्ये भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक फौजी घराला हा प्रश्न पडतो आणि उत्तर ठरलेलं असतं. एक दिवस मैत्री बाग, एक दिवस नवा रायपूरची जंगल सफारी आणि पुरखौती मुक्तांगण, जमलं तर डोंगरगडची बमलेश्वरी. ऐतिहासिक राजधानी बघायची म्हटली तर मंडळी थेट दिल्ली-आग्र्याची तिकिटं काढतात. लाल किल्ला, कुतुब मिनार, ताजमहाल, पेठ्याचे डबे, परत.

दिल्लीला माझा विरोध नाही. इंडिया गेटसमोर आणि राष्ट्रीय समर स्मारकावर प्रत्येक फौजीने मुलांना एकदा न्यावंच. पण भिलाईहून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर एक राजधानी आहे, जिथे आधी कलचुरींनी काही शतकं आणि नंतर नागपूरकर भोसल्यांनी साठ वर्षं राज्य केलं. मराठी माणसाने, त्यातही वर्दीतल्या मराठी माणसाने, ती दिल्लीच्या आधी बघावी असं माझं मत आहे. ती राजधानी म्हणजे रतनपूर. गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे पाच जण जाऊन आलो : मी, सौ., दहावीतला मुलगा, सातवीतली मुलगी आणि साताऱ्याहून आलेली आई. त्या एका दिवसाने माझ्या डोक्यात जे घोळत राहिलं, ते आज लिहितोय.

आधी रस्ता सांगतो. जीई रोडने रायपूर गाठायचं, तिथून बिलासपूरचा रस्ता धरायचा. सिमगा गेलं की नांदघाटला शिवनाथ नदी लागते. पुलावर गाडी थोडी हळू घ्या आणि मुलांना नदी दाखवा. हीच शिवनाथ दुर्गजवळून वाहते, म्हणजे ती आपल्या ओळखीची. जुन्या काळी या मुलखाचे गड शिवनाथने वाटलेले होते. उत्तरेकडचे अठरा गड रतनपूरच्या राजाचे, दक्षिणेकडचे अठरा रायपूरच्या शाखेचे. छत्तीस गडांचा म्हणून छत्तीसगड, अशी नावाची सर्वांत प्रचलित व्युत्पत्ती आहे. शाळेत वर्षभर छत्तीसगडचा नकाशा रंगवणाऱ्या माझ्या मुलीला हे त्या पुलावर कळलं. पुढे बिलासपूर, आणि तिथून कटघोऱ्याच्या रस्त्याने पंचवीस किलोमीटरवर रतनपूर.

आईची पहिली ओढ महामायेची. देवळाचं मूळ कलचुरी राजा पहिला रत्नदेव याच्या नावाशी जोडतात. अकराव्या शतकात त्यानेच तुम्माणची राजधानी इकडे हलवून हे नगर वसवलं, म्हणून रत्नपूर. नवरात्रात इथे हजारोंनी ज्योती लागतात आणि लोक पायी चालत येतात. आईने ओटी भरली, दोन्ही नातवंडांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आपली कोल्हापूरची आणि ही सख्ख्या बहिणी वाटतात." असं म्हणायला आईला इतिहास लागत नाही.

मग गजकिल्ला. हत्तीकिल्लाही म्हणतात. सह्याद्रीतले गड बघितलेल्या मुलांना हा भुईकोट बघून आधी निराशा होते. "पप्पा, चढायचं काहीच नाही?" मी त्यांना खंदक दाखवला आणि विचारलं, सपाट रानात, जिथे डोंगर आडोशाला नाही, तिथे तू बचाव कसा मांडशील? मुलगा विचारात पडला. पाणी, भिंत, दरवाजा आणि माणसं. शेवटी माणसंच.

माणसांचा हिशेब रतनपूरबाबतीत खरोखर उपलब्ध आहे. सोळाव्या शतकातल्या कल्याणसाय राजाच्या काळची जमाबंदीची वही ब्रिटिश बंदोबस्त अधिकारी चिझम याने १८६० च्या दशकात पाहिली आणि तिच्यातले आकडे नोंदवले. तलवारवाले २०००, कट्यारवाले ५०००, बंदूकवाले ३६००, तिरंदाज २६००, घोडेस्वार १०००. एकूण १४,२०० आणि वर ११६ हत्ती. आजच्या भाषेत ही त्या राज्याची परेड स्टेट. आकडे वाचताना कुठल्याही फौजीचे डोळे चमकतील. एवढ्या आडवळणाच्या मुलखात एवढी नफरी!

आणि तरीही १७४१ मध्ये याच राजधानीचा दरवाजा जवळजवळ न लढता उघडला.

दरवाजासमोर उभं होतं भोसल्यांचं सैन्य. नागपूरकर रघूजीराजांचा सरदार भास्करराम, म्हणजे भास्करपंत कोल्हटकर, पूर्वेच्या स्वारीवर निघालेला होता आणि वाटेत रतनपूर होतं. गादीवर म्हातारा रघुनाथसिंह होता. मुलाच्या मृत्यूने खचलेला, राज्यकारभारातून मन उडालेलं. तोफा लागल्या, वाड्याचा काही भाग पडला, तेव्हा राणीने शरणागतीचं निशाण दाखवलं असं जुन्या गॅझेटिअरमध्ये लिहिलं आहे. शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसला.

चौदा हजारांची वही असताना असं का व्हावं? मला त्याचं उत्तर राज्याच्या रचनेत दिसतं. बारा गावांचा एक बरहों, असे सात बरहों मिळून चौऱ्याऐंशी गावांचा एक गड, आणि प्रत्येक गडाचा आपापला दिवाण. शांततेत ही फार सोयीची रचना. पण संकट आलं की प्रत्येक दिवाण आधी आपली चौऱ्याऐंशी गावं बघणार. कागदावरची नफरी आणि तुतारी वाजल्यावर उभी राहणारी नफरी यांत किती अंतर असतं, ते ज्याने एकदा तरी रोल कॉल घेतलाय त्याला सांगायला नको. समोर वेगवान घोडदळ, इकडे एक हुकूम नाही, आणि मधोमध शोकात बुडालेला राजा. लढाई दरवाज्यावर येण्याआधीच संपली होती.

हे सगळं मी मुलांना सांगत असताना मुलीने विचारलं, "म्हणजे इथे आपण जिंकलो की हरलो?"

मुलगा ताबडतोब म्हणाला, "आपण जिंकलो. मराठे ना आपण."

मित्रांनो, माझ्या मते अशा सहलीचं सगळं मोल या एका प्रश्नात आहे. हे "आपण" कोण? माझी मुलगी भिलाईत शिकते. तिच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या साहू आणि वर्मा आडनावाच्या मैत्रिणींचे पूर्वज त्या दिवशी दरवाज्याच्या आत होते. लाखाचा दंड राजाने भरला असं पुस्तकात लिहितात, पण राजाच्या पेटीत तो शेतकऱ्याच्या कोठारातून आलेला असतो. तिने वर्गात जाऊन "आम्ही तुम्हाला हरवलं होतं" असं सांगावं का? आणि नाही सांगायचं, तर मग मराठ्यांचा अभिमान घरी सोडून यायचा का?

भिलाईसारख्या गावात हा प्रश्न टाळता येत नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर इथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशातल्या सगळ्या प्रांतांतून माणसं कामाला आली. आमच्या गल्लीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक बंगाली दादा राहतात. चहाला बसलो असताना मी साताऱ्याचा म्हटल्यावर ते हसून म्हणाले, "लहानपणी आजी आम्हाला तुमची भीती घालून झोपवायची." बंगालमध्ये बाळाला निजवताना म्हणतात त्या गाण्यातले "बर्गी" म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोडा आणि हत्यार घेऊन लढणारे शिपाई. रतनपूर मागे टाकून भास्करपंत पुढे गेला तो बंगालातच. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने वाटाघाटीला बोलावून त्याला दगा देऊन मारलं, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने बारा लाखांची वार्षिक चौथ कबूल केली, तेव्हा कुठे मिटलं. आपल्या पुस्तकांत ही कटकपर्यंत भगवा नेल्याची गोष्ट आहे. दादांच्या आजीकडे हीच गोष्ट अंगाईत आहे. दोन्ही एकाच घटनेच्या गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

मी मुलांना म्हटलं, त्या वेळी भोसले जिंकले, रतनपूरकर हरले. आपण तेव्हा नव्हतो. आपण आज आहोत, आणि आज माझी वर्दी रतनपूरचीही आहे आणि साताऱ्याचीही. भोसल्यांचं घोडदळ नागपूरहून इतक्या लांब कसं आलं, दाणागोटा कुठून मिळवला, नद्या कशा ओलांडल्या, याचं कौतुक जरूर करा. पण ज्याच्या शेतातून ते घोडदळ गेलं त्याचं म्हणणंही ऐका.

इथपर्यंतची गोष्ट झाली स्वारीची. रतनपूरची खरी गोष्ट स्वारी संपल्यावर सुरू होते, आणि ती बघायला रामटेकरीवर चढावं लागतं.

गावाला लागून टेकडी आहे, वर रामाचं देऊळ. ते बांधलं बिंबाजी भोसल्यांनी. हे पहिल्या रघूजींचे पुत्र. वडिलांच्या पश्चात भावांच्या वाटण्या झाल्या, त्यात यांच्या वाट्याला छत्तीसगड आलं, आणि १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते इथेच राहिले. एकोणतीस वर्षं. टेकडीचं नाव वाचल्याबरोबर नागपूरजवळचं रामटेक आठवतं. आपल्याकडे नाही का, जवान कुठेही गेला, लडाखला असो की नागालँडला, लाइनच्या कोपऱ्यात आपल्या गावच्या देवाचा फोटो लावून दिवा लावतोच. बिंबाजींनी तेच मोठ्या प्रमाणावर केलं. घरचा देव पोस्टिंगच्या जागी आणला.

त्यांनी दरबारात मराठी आणि मोडी आणली. दसऱ्याला सोनं म्हणून पानं देण्याची चाल रतनपूरला त्यांनी सुरू केली, असं छत्तीसगडचे इतिहासकार लिहितात. हे सगळं नागपूरहून आलेलं. पण ते करणारा माणूस महामायेच्या गावात राहत होता, इथल्या तळ्यांचं पाणी पीत होता, इथल्या दुष्काळात इथेच होता. नागपूरचं नाव वर असलं तरी कारभार तो आपल्या अकलेने चालवत होता. टेकडीवर सावलीत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, बिंबाजींबद्दल काय माहीत आहे? ते म्हणाले, "बिंबाजी राजा ह इहें रहिस." बिंबाजी राजा इथेच राहत होता. त्यांनी चांगला म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. आधी एवढंच सांगितलं की तो इथे राहत होता.

आता उरलेला हिशेब ऐका. १७८७ मध्ये बिंबाजी गेले. त्यांच्या मागे वाटा व्यंकोजी भोसल्यांकडे आला, आणि व्यंकोजींनी ठरवलं की आपण नागपूरलाच राहायचं. रतनपूरला सुभेदार नेमायचा आणि त्याच्याकडून कारभार करून घ्यायचा. महिपतराव दिनकर, विठ्ठल दिनकर, केशव गोविंद अशी एकामागून एक नावं येतात. १८१८ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं, हेच चाललं. बिंबाजींची एकोणतीस, सुभेदारांची एकतीस. जवळजवळ सारखाच काळ, तोच मुलूख, तेच मराठी राज्य. आणि छत्तीसगडच्या इतिहासाची कुठलीही पुस्तकं उघडा, पहिल्या काळाबद्दल बराचसा आदर आणि दुसऱ्या काळाबद्दल जवळजवळ फक्त तक्रार सापडते.

कारण समजायला अवघड नाही. सुभेदाराचं पद हळूहळू मक्त्यासारखं झालं. नागपूरला ठरलेली रक्कम पोचवायची, आणि जेवढे दिवस खुर्ची आहे तेवढ्या दिवसांत स्वतःचंही बघायचं. उद्या आपल्या जागी दुसरा येणार हे माहीत असल्यावर तळ्याचा बांध कोण दुरुस्त करणार? विठ्ठल दिनकरने १७९० च्या सुमारास जुने गड मोडून परगणे पाडले, कमाविसदार नेमले. वसुलीच्या दृष्टीने ती नीटनेटकी व्यवस्था असेलही. पण शतकानुशतकांची चौऱ्याऐंशी गावांची ओळख एका फर्मानात पुसली गेली. १७९५ मध्ये ब्लंट नावाचा इंग्रज कॅप्टन इथून गेला, तेव्हा त्याला रतनपूर पसरट, विस्कटलेलं, बरीच घरं ओस पडलेलं खेडं वाटलं. बिंबाजी जाऊन आठ वर्षं झाली होती. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती कारभार गेला तेव्हा कर्नल अ‍ॅग्न्यूने ठाणं रायपूरला हलवलं आणि रतनपूरची राजधानी कागदावरूनही गेली. मला विचाराल तर ती एकतीस वर्षं आधीच गेली होती. ज्या दिवशी राज्य करणाऱ्याने तिथे राहायचं सोडलं त्या दिवशी.

हे वाचताना मला बसायला जागा सापडेना, कारण माझ्या खांद्यावर काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी सुभेदार आहे. एनसीसीच्या बटालियनवर आलोय आणि दुर्ग-बेमेतऱ्याच्या खेड्यांतून येणारे कॅडेट मला दिवसातून पन्नास वेळा "सूबेदार साहब" म्हणतात. रघूजी भोसल्यांना साताऱ्याच्या शाहू महाराजांनी दिलेला किताब होता सेनासाहेब सुभा. त्यांच्या नातवंडांच्या काळात रतनपूरला बसले ते सुभेदार. आणि कंपनी सरकारच्या पलटणींमधून आपल्या लष्करात आलेला हुद्दाही सुभेदार. एकाच शब्दाचे हे तीन टप्पे. पहिला माझ्या गावचा, दुसरा या मुलखाचा, तिसरा माझा.

म्हणून आता मुद्द्यावर येतो. आपण फौजी माणसं दोन-तीन वर्षांसाठी परक्या मुलखात राहतो. तिथे सुभेदारासारखं राहायचं की बिंबाजींसारखं, हे आपल्या हातात असतं. आणि आपल्यातले बरेच जण, मान्य करा, सुभेदारासारखे राहतात. पोस्टिंग ऑर्डर आली की पहिल्या दिवसापासून उलटी मोजणी. सामानाचे खोके उघडायचे नाहीत, "परत बांधायचेच आहेत." बाजारात हिंदीवर भागतं, मग इथली बोली कशाला? शेजारी सण आहे का, असेल. रविवारी कँटीन, संध्याकाळी गावाकडे व्हिडिओ कॉल. तीन वर्षांनी मूव्ह ऑर्डर, सामान ट्रकमध्ये, आणि त्या गावाबद्दल आयुष्यभर सांगायला एकच वाक्य : "तिकडे उकाडा फार."

माझे एक निवृत्त मित्र यावर मला नेहमी टोकतात. "अरे, फौजी पाहुणा असतो. पाहुण्याने घरात फार गुंतू नये. सीमेवरचं पोस्टिंग असेल तर गुंतणं धोक्याचंही असतं." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अशांत भागात कोणाशी किती बोलावं याला नियम असतात आणि ते जीव वाचवण्यासाठीच असतात. पण पीस पोस्टिंगला, बायकामुलं बरोबर असताना, भिलाईसारख्या गावात हा बचाव चालत नाही. आणि पाहुणा म्हणाल तर पाहुणाही घरच्या माणसांची नावं विचारतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो.

दुसरा आक्षेप माझा मीच घेतो. बिंबाजी इथे राहिले म्हणून ते चांगले होते असं सिद्ध होतं का? नाही. आधीच्या घराण्याचा वंश बाजूला सारूनच ते गादीवर बसले. त्यांच्याही काळात वसुली होती, आणि ती देणाऱ्याला गोड लागली असेल असं नाही. जवळ राहणारा राजा जुलमीही असू शकतो. पण जवळ राहणाऱ्याला निदान दिसतं. जळालेलं पीक दिसतं, फुटलेला बांध दिसतो, दारात आलेली बाई दिसते. नागपूरला बसलेल्याला फक्त रक्कम कमी आलेली दिसते. न्यायाची हमी कोणी देत नाही, पण डोळ्यांपुढे असलेलं नाकारणं अवघड जातं.

हे फक्त रतनपूरला नाही. मराठ्यांच्या सह्याद्रीबाहेरच्या राजधान्या आठवून बघा. बिंबाजी रतनपूरला होते त्याच काळात अहिल्याबाई महेश्वरला होत्या. इंदूरचं संस्थान, पण त्या नर्मदेच्या काठी राहिल्या आणि त्यांनी तिथे विणकर वसवले. महेश्वरी साडी आजही विणली जाते. तंजावरला १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे गेले ते तिथलेच झाले. त्यांच्या वंशातल्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, त्यात तमिळ आणि तेलुगू हस्तलिखितं मराठीच्या शेजारी ठेवली. जिथे राज्यकर्ता राहिला तिथे मागे काहीतरी उरलं. जिथून फक्त रक्कम गेली तिथे तक्रार उरली. बंगालात आपली एकही राजधानी नव्हती, उरलं ते अंगाईतलं भय.

आता माझ्यासारख्या पोस्टिंगवरच्या कुटुंबांना काही सुचवतो.

जिथे असाल तिथून एका दिवसात जाऊन येता येईल अशी जुनी राजधानी शोधा. ती जवळपास सगळीकडे असते. आसामात वरच्या अंगाला असाल तर आहोमांचं शिवसागर आहे. दिमापूरला असाल तर कछारी राजांचे कोरीव दगडी खांब गावातच आहेत. लेहला राजवाडा बाजाराच्या डोक्यावरच उभा आहे. ग्वाल्हेर, बडोदा, झाशीला तर आपलाच इतिहास दारात आहे, तरी कित्येकांनी कँटीन सोडून काही पाहिलेलं नसतं.

गेलात की मुलांना तीन गोष्टी विचारायला लावा. इथे राज्य कोणाचं होतं? तो राजा राहायचा कुठे? आणि तो गेल्यावर लोकांनी त्याची कुठली गोष्ट जपली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फलकावर नसतं. त्यासाठी देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं लागतं, त्याच्या बोलीत बोलायचा प्रयत्न करावा लागतो. छत्तीसगडी तर मराठी माणसाला निम्मी येतेच. जुन्याला ते जुन्ना म्हणतात, बैलाला बइला, डोंगराला डोंगरी. आपला पोळा तो त्यांचा पोरा, त्याच अमावास्येला. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल ओढतात, इथे मातीचे ओढतात. आमच्या घरमालकीणबाईंनी पोऱ्याला ठेठरी-खुर्मी पाठवली, सौ.ने डब्यातून पुरणपोळी परत पाठवली, आणि तेव्हापासून दोन्ही स्वयंपाकघरांमधलं दार उघडंच आहे.

आणि एक, मुलांपासून काही लपवू नका. भास्करपंतांचं घोडदळही सांगा, लाखाचा दंडही सांगा. रतनपूरला सापडलेला कलचुरी राजा जाजल्लदेवाचा १११४ सालचा शिलालेख आज नागपूरच्या संग्रहालयात आहे, हे सांगा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींचे लेख वाचून, जुळवून १९५५ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, हेही सांगा. नागपूरकरांनी या मुलखातून वसुली नेली आणि नागपूरच्याच एका पंडिताने या मुलखाच्या राजांची नावं त्यांना परत मिळवून दिली. दोन्ही मराठी माणसंच. त्यांतल्या कोणासारखं व्हायचं हे मुलांनी ठरवावं.

माझी इथली मुदत पुढच्या वर्षी संपते. त्याआधी कॅडेटांची एक तुकडी घेऊन रतनपूरला जायचा विचार आहे. त्यांतले बहुतेक याच मातीतले, आणि विचारलं तेव्हा निम्म्यांनी महामाया पाहिली होती, गजकिल्ला फारच थोड्यांनी. कल्याणसायच्या चौदा हजार दोनशेंची यादी मी त्यांना किल्ल्याच्या दारात वाचून दाखवणार आहे. ती त्यांच्या पूर्वजांची नफरी आहे. ती त्यांना एका सुभेदाराने वाचून दाखवावी, एवढं देणं या हुद्द्याकडून बाकी आहे असं मला वाटतं.

जय हिंद.